बिनतारी विमानाची तारजोडणी

(मंडळाच्या जोगेश्वरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली की, यंदा मुलांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी बोलावे. त्या आज्ञेस अनुसरून आम्ही जो विषय निवडला आहे तो समोरच्या मेजावरच ठेवलेला आहे. पंखांची लांबी सुमारे सव्वा मीटर, वजन सुमारे एक किलो, आणि पोटात एक विजेरी. आपल्या मंडळातील मुलांनी सुट्टीत जोडलेले हे विमान. त्याच्या आणि ते उडविणाऱ्याच्या मध्ये कोणतीही तार नाही, म्हणून त्यास बिनतारी म्हणावयाचे. परंतु त्याचे पोट उघडून पाहिल्यास आत तारांचे जाळेच दिसते. त्या तारांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्ञातीच्या संमेलनात विमानाचे काय काम, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर असे की, हे विमान उडते ते जितके पंखांच्या आकारावर, तितकेच आतल्या सांध्यांवर. आणि सांधा ही तर आपल्या त्वष्टा कासार ज्ञातीची वडिलार्जित विद्या होय. पुण्याच्या तांबट आळीत काय, किंवा येथे मुंबईत तांबाकाट्याला काय, पत्रा पत्र्याला असा जोडावा की त्यातून पाण्याचा थेंब झिरपता कामा नये, हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जाणले. ती विद्या आपल्या घरांतून वेगाने जात आहे. ती कोणत्या नव्या दाराने परत आणता येईल, हाच आमच्या आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. दुरून, तारेवाचून, यंत्रास आज्ञा देता येते हे निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे एक लहान बोट चालवून लोकांना दाखविले. लहान विमानास मात्र विजेची मोटर बसविणे फार दिवस साधेना. मोटर होती, पण तिला पुरेल एवढी वीज साठविणारी बॅटरी इतकी जड होई की विमान जमीन सोडीना. इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी रुपे आणि जस्त यांच्या बॅटरीवर आपले 'रेडिओ क्वीन' नावाचे विमान उडविले. विजेवर चालणाऱ्या, बिनतारी नियंत्रणाच्या विमानाचे हे पहिले नोंदलेले उड्डाण मानतात. त्याच सुमारास जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांचे प्रयोग चालू होते. त्यांच्याच खटपटीतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी मनुष्यास घेऊन विजेवरचे विमान आकाशात गेले. पुढे लिथियमची हलकी बॅटरी व बलवान लोहचुंबकांची बिनब्रशची मोटर या दोन वस्तू स्वस्त झाल्या आणि कर्नलसाहेबांस जे महत्प्रयासाने साधले ते आज शाळकरी मुलाच्या आटोक्यात आले.

आपण जेथे बसलो आहोत त्या जोगेश्वरीच्या आसमंतासही या विद्येचे वावडे नाही. येथून जवळच्या जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. १९७३ साली पलीकडे अंधेरीस 'सीप्झ' हे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीचे क्षेत्र उभे राहिले. आणि कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे खरेखुरे विमान बांधून २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले. तेव्हा उपनगरातील मराठी घरात विमानाचा विचार करणे हा काही आकाशाला गवसणी घालण्याचा प्रकार नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. या विमानातील तारांच्या दोन वाटा आहेत. एक शक्तीची वाट, दुसरी आज्ञेची वाट. हा भेद ज्याच्या मनात पक्का झाला त्याला निम्मे काम साधले असे समजावे.

शक्तीची वाट बॅटरीपासून निघते. या बॅटरीत तीन घटक एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, म्हणून तिन्ही मिळून ११.१ व्होल्ट. तेथून एक तांबडी व एक काळी अशा दोन जाड तारा 'स्पीड कंट्रोलर' नावाच्या पेटीत जातात, आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूने तीन तारा निघून मोटरीस मिळतात. मोटरीत ब्रश नसल्यामुळे तिच्या गुंडाळ्यांना आळीपाळीने वीज देण्याचे काम ही पेटी करते. मोटर उलटी फिरू लागली तर या तीन तारांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल करावी, ती सुलटी फिरते. परंतु बॅटरीकडच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर पेटी त्याच क्षणी जळून जाते. तिकडे चूक सुधारता येते, इकडे येत नाही. म्हणून तांबडे ते तांबड्यास आणि काळे ते काळ्यास, हा पाठ मुलांनी तोंडपाठ करावा.

या वाटेवरून जाणारी वीज थोडीथोडकी नव्हे. मोटर पूर्ण वेगात असता साधारण २० अँपिअर प्रवाह धरला, तर ११.१ गुणिले २०, म्हणजे सुमारे २२२ वॉट शक्ती होते. एक किलोच्या साध्या विमानास एवढी शक्ती पुरे. अशा प्रवाहापुढे कच्चा सांधा किती महाग पडतो ते पाहा. सांध्यात एक शतांश ओहम एवढाच अडथळा राहिला, तरी तेथे चार वॉट उष्णता सतत निघत राहते. सांधा तापतो, तापल्याने आणखी बिघडतो, आणि शेवटी ऐन आकाशात सुटतो. यास्तव या वाटेवर जाड, पुष्कळ बारीक तंतूंची व सिलिकॉनच्या वेष्टनाची तार वापरतात. ती वाकते, आणि उष्णतेने तिचे वेष्टन वितळत नाही.

येथे एक बारकावा सांगून ठेवतो. तारेची लांबी अपुरी पडली तर ती मोटरीकडच्या बाजूस वाढवावी, बॅटरीकडच्या बाजूस शक्यतो वाढवू नये. कंट्रोलर विजेचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा तोडतो व जोडतो. बॅटरीकडील तार लांब असली म्हणजे अशा प्रत्येक तोडीस दाबाचा धक्का उसळून पेटीतील कपॅसिटरवर आदळतो आणि कालांतराने ते फुटतात.

दुसरी वाट आज्ञेची. उडविणाऱ्याच्या हातातील ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर आज्ञा पाठवितो आणि विमानातील रिसीव्हर ती ऐकतो. रिसीव्हरपासून प्रत्येक सर्व्होस तीन बारीक तारा जातात. काळी किंवा तपकिरी ती ऋण, तांबडी ती धन, आणि पांढरी, पिवळी वा नारिंगी ती आज्ञेची. या तिसऱ्या तारेतून सामान्यतः दर सेकंदास ५० वेळा एक ठोका जातो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. एक मिलिसेकंदाचा असला तर एका टोकास आणि दोनाचा असला तर दुसऱ्या टोकास जाते. एवढ्याशा फरकावर विमान डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, हे ठरते.

या दोन वाटांची गाठ कंट्रोलरमध्येच पडते. त्याच्यातूनही तशीच तीन बारीक तारांची वेणी निघून रिसीव्हरच्या थ्रॉटलच्या जागी बसते. ती मोटरीच्या वेगाची आज्ञा आणते, आणि त्याच वेणीच्या तांबड्या तारेतून ५ व्होल्टची वीज रिसीव्हरला व सर्व सर्व्होंना मिळते. म्हणजे विमानाचे प्राण या एका बारीक तारेत असतात. गतवर्षी मुंबईबाहेरच्या एका मैदानावर आम्ही पाहिलेले एक विमान मोटर फिरत असतानाच आज्ञा मानीनासे झाले आणि शेतात जाऊन पडले. उघडून पाहता बॅटरी भरलेली, मोटर शाबूत, सर्व्हो शाबूत, फक्त या वेणीच्या तांबड्या तारेचा सांधा वरून चिकटलेला व आतून सुटा. हवेच्या कंपनाने तो क्षणभर उघडला आणि रिसीव्हर बधिर झाला. दीड पैशाच्या सांध्याने अख्खे विमान गेले.

५ व्होल्ट करण्याच्याही दोन रीती आहेत. जुन्या साध्या रीतीत जादा दाब उष्णता करून उडवून देतात. ११.१ तून ५ वजा करता ६.१ उरतात, आणि सर्व्हो मिळून एक अँपिअर घेत असले तर सहा वॉटांहून अधिक उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यास सोसावी लागते. तो तापून बंद पडला म्हणजे रिसीव्हरही बंद. नव्या 'स्विचिंग' रीतीत ही नासाडी फार थोडी होते. सर्व्हो चार वा अधिक असतील तर ही दुसरी रीतच घ्यावी. निराळा वीजपुरवठा बसविला असेल, तर कंट्रोलरच्या वेणीतील तांबडी तार काढून तिच्या टोकावर वेष्टन चढवावे. म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी भांडणार नाहीत.

आता सांधा कसा करावा हे सांगावयाचे. आणि येथे, सभ्य गृहस्थहो, परक्यांच्या पुस्तकाकडे धावण्यापूर्वी आपण आपल्या आजोबांच्या भट्टीकडे पाहावे. कल्हई करताना भांडे आधी घासून लखलखीत करावयाचे, मग ते तापवावयाचे, मग नवसागराची पूड टाकून वरचा मळ जाळावयाचा, आणि मगच कथील लावावयाचे. भांडे नीट तापलेले असेल तर कथील पाण्यासारखे पसरते. तापलेले नसेल तर गोळी होऊन बसते. विजेच्या तारेचा सांधा याहून निराळा नाही. तारेचे टोक स्वच्छ करावे, त्यावर आधी सोल्डरचा पातळ हात द्यावा (ही तारेची कल्हईच म्हणा ना), मग दोन्ही भाग टेकवून तापविलेली इस्त्री सांध्यावर धरावी आणि सोल्डर इस्त्रीला न लावता तापलेल्या तारेला लावावे. तारेने ते आत ओढून घेतले व वरचा भाग चकचकीत आणि सखल राहिला तर सांधा पक्का. मळकट, दाणेदार, फुगीर गोळा बसला तर तो थंड सांधा. तो तोडून पुन्हा करावा.

दोन भेद मात्र ध्यानात ठेवावेत. निव्वळ कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कथील व शिसे यांच्या मिश्रणाचे सोल्डर १८३ अंशांपासूनच वितळू लागते, म्हणून भट्टीची गरज नाही, विजेची इस्त्री पुरते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. कल्हईला नवसागर चालतो, डाखाला टाकणखार चालतो, पण विजेच्या तारेला या दोहोंपैकी काहीही लावू नये. नवसागराचे अंश मागे राहिले तर तांब्याला हळूहळू हिरवा जंग चढतो आणि तार आतून खाऊन टाकतो. विजेच्या सांध्यास राळच वापरावी. ती बहुतेक सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते.

सांधा करण्यापूर्वी, उष्णतेने आवळणारी नळी तारेवर आधीच ओवून ठेवावी. सांधा झाल्यावर ती मागाहून चढत नाही. बॅटरीच्या पिवळ्या जोडाला तारा लावताना त्याचा जोडीदार त्यात घालून ठेवावा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ झाले तरी आतील पिना वाकड्या होत नाहीत. आणि बॅटरीची तार कापण्याची वेळ आलीच तर दोन्ही तारा एका वेळी कधीही कापू नयेत. कात्रीचे पाते दोन्ही तारांना एकदम टेकले की ठिणगीचा लोळ उठतो. एक तार कापून, तिचे टोक झाकून, मगच दुसरीस हात घालावा.

जोगेश्वरीची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. सहाव्या शतकातील त्या कारागिरांनी डोंगर वरून आत कोरीत नेला. जो दगड एकदा काढला तो परत बसविता येत नाही, म्हणून छिन्नी लावण्यापूर्वी सगळा आराखडा त्यांच्या मनात तयार असला पाहिजे. तारजोडणीचेही तसेच. आधी कागदावर आकृती काढावी. बॅटरी कोठे, रिसीव्हर कोठे, कोणती तार कोणत्या बाजूने, हे ठरवावे. बॅटरी ही सर्वांत जड वस्तू असल्याने तिच्या जागेवर विमानाचा तोल अवलंबून असतो, आणि तो पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर यावा लागतो. तेव्हा आधी तोल, मग तारेची लांबी. रिसीव्हर जाड तारांपासून दूर ठेवावा. त्याच्या अँटेनाचे उघडे टोक सुमारे ३१ मिलिमीटरचे, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाचे असते. ते कापू नये, दुमडू नये. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात, म्हणजे विमान कसेही वळले तरी एक ऐकत राहील.

जोडणी झाली की परीक्षा जमिनीवर घ्यावी, आकाशात नव्हे. परीक्षेच्या वेळी पंखा काढूनच ठेवावा. हा पंखा मिनिटास हजारो फेरे घेतो आणि बोटाची तमा बाळगीत नाही. प्रथम ट्रान्समीटर चालू करावा, थ्रॉटल खाली असल्याची खातरी करावी, मग बॅटरी जोडावी. बंद करताना याच्या उलट, आधी बॅटरी आणि शेवटी ट्रान्समीटर. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर उठली पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीचे आडवे पान वर उठले पाहिजे. नंतर ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहावे. आज्ञा तुटताच मोटर थांबली तर व्यवस्था बरोबर. न थांबली तर विमान घरीच राहू द्यावे.

चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. आमचे मुलांना सांगणे इतकेच की, अभिमान बाळगावा तो जे तपासून पाहता येते त्याचा. मल्टिमीटरचा काटा कोणाची भीड धरीत नाही, आणि हीच त्याची थोरवी.

आता आईवडिलांसाठी. लिथियमची बॅटरी ही खेळण्यातली वस्तू नव्हे. तिच्या प्रत्येक घटकाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये व ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० अँपिअर प्रवाहाने साडेसहा मिनिटांत रिकामी होते. पण तिचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावयाचा, म्हणून पाच मिनिटांत विमान उतरवावे. चार्ज करताना प्रवाह २.२ अँपिअरपेक्षा अधिक ठेवू नये आणि तिन्ही घटक समतोल करणाराच चार्जर वापरावा. आपली घरे लहान. एका खोलीत अंथरूण, देवघर आणि अभ्यास. तेथे ही बॅटरी रात्री झोपताना चार्जिंगला लावणे म्हणजे उशाशी निखारा ठेवणे होय. जागेपणी, समोर बसून, मातीच्या कुंडीत वा फरशीवर, पडद्यांपासून दूर ठेवून ती चार्ज करावी. वापरावयाची नसेल तेव्हा दर घटकास ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

विमान तयार झाले की मुलांना ते लगेच समोरच्या मैदानावर उडवावेसे वाटणार. तसे करू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच परवानगीच्या क्षेत्रात येतो, आणि जोगेश्वरी तर सांताक्रूझ व जुहू या दोन्ही विमानतळांच्या त्याहूनही निकट आहे. शिवाय मुंबई पोलीसही वेळोवेळी अशा उड्डाणांस मनाई करणारे हुकूम काढतात. येथे जोडावे, तपासावे आणि उडविण्यास शहराबाहेर मोकळ्या क्षेत्रात, नकाशा पाहून व मोठ्या माणसाच्या सोबतीने जावे. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या मोठ्या विमानात कोणाचे तरी आईबाप बसलेले असतात, हे मुलांना समजावून सांगितल्यास नियमाचा जाच वाटत नाही.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना. आपण दरवर्षी परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्यांना बक्षिसे देतो, ती द्यावीतच. परंतु हाताने उत्तम काम करणाऱ्या मुलामुलीस आपल्या व्यासपीठावर अद्याप जागा नाही. तांबटाच्या पोराने हातोडा टाकून लेखणी धरली, याचा आनंद मागील पिढीला होणे साहजिक होते, कारण त्या हातोड्याने पोट भरेनासे झाले होते. पण हातोड्याबरोबर हाताची जाणही आपण खुंटीला टांगली, हे काही बरे झाले नाही. आज आपल्या घरातील अभियंत्याला यंत्राचे गणित येते, पण मिक्सरची तुटलेली तार जोडण्यास तो दुसऱ्यास बोलावितो. यावर उपाय महाग नाही. दोन इस्त्र्या, एक मल्टिमीटर, एक लहान शेगडा, राळेचे सोल्डर आणि तारांची रिळे एवढे सामान लॅमिंग्टन रोडवरून एका दुपारी आणता येईल. मंडळाच्या सभागृहात एक कपाट आणि रविवारचे दोन तास मिळावेत. आपल्यातील जे वृद्ध अजून कल्हई आणि डाख जाणतात त्यांनी शेजारी बसावे. मुलांनी तारा आणाव्यात, त्यांनी डोळा द्यावा. सांधा पक्का की कच्चा हे त्यांना नुसत्या चकाकीवरून कळते, आणि ती नजर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मुलींनाही या रविवारी अवश्य पाठवावे. बारीक तारेला स्थिर हात लागतो. तो मुलाचा की मुलीचा, हे तारेस समजत नाही.

आमचे बोलणे लांबले. मेजावरील विमान संमेलन संपेपर्यंत येथेच आहे. त्याचे पोट उघडे ठेवले आहे आणि बॅटरी काढून ठेवली आहे. ज्यांना तारा मोजून पाहावयाच्या असतील त्यांनी खुशाल हात लावावा.